कुंदकळ्यांसारखे दात हवेत? आधी हे वाचा

समोरच्या दातांवर सिरॅमिकची कॅप बसवली की हसू खुलते, हे खरे. पण त्यासाठी मूळ दात घासून लहान करावा लागतो आणि तो पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच निर्णय घेण्याआधी थोडी माहिती करून घ्या.

फोटो काढायची वेळ आली की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. हसू आलेच तर हात आपोआप तोंडावर जायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेली ही एकवीस वर्षांची मुलगी. नाकीडोळी नीटस, अभ्यासात हुशार, पण समोरच्या चार दातांवर तपकिरी डाग. टूथपेस्ट बदलून झाली, मंजने झाली, कुणीतरी सांगितले म्हणून लिंबू-मीठही चोळून झाले. डाग काही हटेनात.

लग्न ठरले. तारीख दोन महिन्यांवर आली तेव्हा आई तिला घेऊन शहरातल्या एका दवाखान्यात गेली. ‘‘सहा दातांना कॅप बसवून टाकू. आठ दिवसांत काम होईल,’’ असे उत्तर मिळाले. मुलगी खूश झाली. आईने मात्र विचारले, ‘‘डॉक्टर, त्यासाठी दातांना काही करावं लागेल का हो?’’

‘‘थोडंसं घासावं लागेल, बस्स.’’

घरी येताना आईच्या मनात तो ‘थोडंसं’ शब्द घोळत राहिला. आपणही प्रथम तोच शब्द समजून घेऊ.

कॅप म्हणजे काय?

ज्याला आपण बोलीभाषेत कॅप म्हणतो, त्याला दंतवैद्य क्राऊन म्हणतात. क्राऊन म्हणजे मुकुट. हिरडीच्या वर दिसणारा दाताचा सगळा भाग झाकणारे हे टोपण असते. दाताचा आकार, रंग आणि चकाकी यांच्याशी मिळतेजुळते असे ते सिरॅमिकपासून तयार करतात आणि खास सिमेंटने दातावर कायमचे बसवतात.

ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात चार्ल्स लँड या दंतवैद्याने चिनी मातीचा असा मुकुट तयार केला. १९२७ मध्ये एकट्याने विमान चालवत अटलांटिक महासागर ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग हे त्यांचेच नातू. पुढे १९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी दातांवर चिकटवायचे पातळ पापुद्रे बनवत. चित्रीकरणापुरते ते लावायचे आणि काम संपले की काढून ठेवायचे. आजही अनेकांना वाटते, की कॅप म्हणजे असेच काहीतरी. नाही आवडली तर काढली! पण कॅप काढली तर आत उरतो तो घासून निमुळता केलेला दात. तुमचा जुना दात नव्हे.

‘थोडंसं’ म्हणजे किती?

दातावरचे पांढरे आवरण म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. हाड मोडले तर जुळते, त्वचा कापली तर भरून येते, पण एनॅमल एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा झालेल्या असतात.

कॅप बसवायची तर तिच्या जाडीसाठी जागा करावी लागते. त्यासाठी दात चारही बाजूंनी साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि टोकाकडून १.५ ते २ मिलिमीटर घासतात. ऐकायला हे फारच कमी वाटते. पण वरचा मधला दात मुळात जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंद असतो! समोरच्या दातांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पूर्ण कॅपसाठी हिरडीवरच्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग घासला जातो. समोरून लावायच्या पातळ पापुद्र्यासाठी, म्हणजे व्हिनिअरसाठी, हेच प्रमाण ३ ते ३० टक्के होते.

एवढे घासल्यावर दाताच्या आतली नस पृष्ठभागाच्या जवळ येते. बहुतेक दात हे सहन करतात. काही दातांची नस मात्र पुढे काही वर्षांत दुखावते आणि रूट कॅनॉल करावे लागते. कमी वयात ही नस मोठी असते, म्हणून शाळकरी मुलामुलींच्या निरोगी दातांवर केवळ दिसण्यासाठी कॅप बसवू नये.

मग कॅप कुणासाठी?

याचा अर्थ कॅप वाईट असा मुळीच नाही. योग्य जागी ती वरदानच ठरते. अपघातात किंवा पडल्यामुळे दाताचा मोठा तुकडा उडाला असेल, मोठी कीड लागून जुन्या भरावांनी दात पोखरला असेल, रूट कॅनॉलनंतर दात कमकुवत होऊन काळपट पडला असेल किंवा एनॅमलच नीट तयार झालेले नसेल, तर कॅप दाताला आधार देते आणि रूपही. अशा दातात वाचवण्यासारखे फारसे उरलेलेच नसते, त्यामुळे घासण्याने गमावण्यासारखेही कमी असते.

स्कूटरवरून पडून समोरचा दात अर्धा तुटलेल्या एखाद्या तरुणीला कॅपमुळे पुन्हा चारचौघांत मोकळेपणाने बोलता येते, हे समाधान लहान नाही. प्रश्न निर्माण होतो तो दात धडधाकट असूनही केवळ रंग किंवा ठेवण आवडत नाही म्हणून सहा-आठ दात घासून घेतले जातात तेव्हा.

आधी साधे उपाय

तुमची तक्रार नेमकी कोणती, त्यावर उपाय ठरतो.

डाग वरवरचे असतील : चहा, तंबाखू, पान यांचे डाग आणि दातांवरचे किटण स्केलिंग व पॉलिशिंगने निघते. पुष्कळदा एवढ्यानेच दातांचे रूप पालटते.

दात पिवळसर असतील : दंतवैद्यांच्या देखरेखीखाली ब्लीचिंग करता येते. त्यात दात घासावा लागत नाही. काही दिवस दात शिवशिवतात, पण हा त्रास सहसा तात्पुरता असतो. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी मात्र ते पुढे ढकलावे.

डाग जन्माच्या वेळचे वाटत असतील : हे डाग दात तयार होतानाच पडलेले असतात. आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण म्हणजे पाण्यातील जादा फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत, तसेच राजस्थान आणि तेलंगणाच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. साधारण आठव्या वर्षापर्यंत समोरचे दात हाडात घडत असतात, म्हणून त्या वयातले पाणी महत्त्वाचे. लहानपणी टेट्रासायक्लिन हे औषध दिले गेल्यासही दात करडे-तपकिरी होतात. फ्लोराइडचे सौम्य डाग मायक्रोअॅब्रेजनने, म्हणजे वरचा अगदी सूक्ष्म थर काढून, आणि ब्लीचिंगने बरेच फिकट होतात.

कोपरा तुटला असेल किंवा दातांत फट असेल : दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावून एका बैठकीत दुरुस्ती होते. काही वर्षांनी त्याला पॉलिश किंवा डागडुजी लागते, पण दात जवळजवळ तसाच राहतो.

डाग खोल असतील : व्हिनिअरचा विचार करता येतो. त्यासाठी दाताची मुख्यतः समोरची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. हेही कायमचेच, पण कॅपपेक्षा बरेच कमी.

दात वाकडे किंवा पुढे असतील : योग्य उपाय म्हणजे तारा किंवा पारदर्शक अलायनर. त्याला सहसा दीड-दोन वर्षे लागतात. वाकडा दात घासून वरून सरळ टोपण घालणे म्हणजे दात सरळ करणे नव्हे. वधुवरांच्या घाईपायी हा आडमार्ग पत्करू नका.

घरगुती उपायांबाबत एक सूचना. लिंबू, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड दातांवर चोळू नका. लिंबातील आम्ल एनॅमल विरघळवते, तर खरखरीत पूड ते खरवडते. दात चार दिवस पांढरे वाटतात आणि मग आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो.

कॅप बसवायचे ठरलेच तर

सर्व पर्याय तपासून कॅपच योग्य ठरली, तर तिचे प्रकार जाणून घ्या. धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली कॅप मजबूत असते, पण काही वर्षांनी हिरडी थोडी सरकली की कडेला करडी रेघ दिसू शकते. धातूत निकेल असेल तर काहींना त्याची अॅलर्जीही असते. पूर्ण सिरॅमिकच्या कॅपमध्ये धातू नसतो. त्यातली लिथियम डायसिलिकेटची कॅप खऱ्या दातासारखी अर्धपारदर्शक दिसते, म्हणून समोरच्या दातांसाठी तिला पसंती मिळते. झिर्कोनिया अधिक मजबूत. तिचे जुने प्रकार जरा चुन्यासारखे पांढरे दिसत, नवे प्रकार अधिक नैसर्गिक दिसतात.

आधी तपासणी आणि एक्स-रे होतो. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तो प्रथम बरा करतात. मग भूल देऊन दात घासतात आणि माप घेतात. काही ठिकाणी त्यासाठी छोटा कॅमेरा फिरवून संगणकावर दाताचे चित्र उतरवतात. डेंटल लॅबमध्ये कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप लावतात. साधारण आठवडाभराने कायमची कॅप आधी नुसती बसवून पाहतात आणि मग चिकटवतात.

ही ‘बसवून पाहण्याची’ वेळ फार महत्त्वाची. हातात आरसा घ्या. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहा. हसा, बोला, ‘फ’ आणि ‘व’ म्हणून पाहा. आई किंवा मैत्रीण सोबत असेल तर उत्तम. रंग, लांबी किंवा आकार खटकत असेल तर तेव्हाच सांगा. चिकटवल्यावर फेरबदल करणे कठीण.

रंगाचा निर्णय दात घासण्यापूर्वीच, लिपस्टिक पुसून, नैसर्गिक प्रकाशात करावा. पांढराशुभ्र रंग मागण्याचा मोह होतो, पण खरा दात हिरडीजवळ किंचित पिवळसर आणि टोकाशी थोडा पारदर्शक असतो. एकसारखे पांढरे दात पाहताक्षणी नकली वाटतात. आणखी एक गोष्ट, सिरॅमिकला ब्लीच लागू पडत नाही. बाकीचे दात उजळायचे असतील तर ते आधी करा आणि सुमारे दोन आठवड्यांनी कॅपचा रंग ठरवा.

डॉक्टरांना हे जरूर विचारा

* माझा दात किती घासावा लागेल? न घासता किंवा कमी घासून काय करता येईल?
* एवढ्या सगळ्या दातांना कॅप हवीच का? एक-दोन दातांवर भागेल का?
* पुढे नस दुखावली किंवा कॅप तुटली तर काय करावे लागेल आणि खर्च कोणाचा?
* कोणते सिरॅमिक वापरणार? बिलावर तसे लिहून मिळेल का?
* काम झाल्यावर कसे दिसेल, हे आधी मेणाच्या नमुन्यावर किंवा तात्पुरते दाखवता येईल का?

प्रश्न विचारण्यात संकोच नको. दंतवैद्यांची राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे ना, ते पाहा. कॅप, कवळी यांतील तज्ज्ञाला प्रॉस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करता येते.

बसवल्यावर काळजी

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत दात घासा. दातांच्या फटींतून फ्लॉसचा दोरा फिरवा. ऊस सोलणे, सुपारी किंवा कडक चिक्की समोरच्या दातांनी फोडणे, दोरा तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे कायमचे बंद करा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ते रात्री घालायचे संरक्षक कवच देतील. दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या.

चांगल्या प्रकारे बसवलेल्या सिरॅमिकच्या कॅपपैकी दहांतल्या नऊहून अधिक पाच वर्षांनंतरही शाबूत असतात. अनेक कॅप दहा-पंधरा वर्षेही टिकतात. पण जन्मभर टिकेलच असे नाही. विसाव्या वर्षी बसवलेली कॅप आयुष्यात दोन-तीनदा बदलावी लागू शकते, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

आणि त्या मुलीचे काय झाले?

आईने घाई केली नाही. लेक रुसली, ‘‘आई, लग्नात मी तोंड मिटूनच बसू का?’’ म्हणाली. आईने समजूत घातली, ‘‘अगं, दात तुला जन्मभर पुरवायचेत. आणखी एका डॉक्टरांना विचारून बघू, मग तू म्हणशील तसं.’’

दुसऱ्या दंतवैद्यांनी दात तपासले आणि सांगितले, की डाग फ्लोराइडचे आहेत, दात मात्र भक्कम आहेत. त्यांनी सफाई केली, वरचा सूक्ष्म थर काढला, ब्लीचिंग केले आणि ज्या दोन दातांवर डाग गडद होते तिथे कॉम्पोझिट लावले. चार-पाच बैठका लागल्या. एकाही दाताला कॅप लागली नाही.

लग्नाच्या फोटोंत ती मनमोकळी हसते आहे. एका दातावर पुसटसा डाग अजून आहे. पण तो फक्त तिला आणि तिच्या आईलाच दिसतो.