केलेल्या कामावर नाव कोणाचे?

आमच्या चाळीतील एक मुलगी संगणकाचा डिप्लोमा करते आहे. गेल्या सत्रात चौघींनी मिळून प्रोजेक्ट केला. संगणक एकीच्याच घरी, म्हणून सगळे काम तिथेच बसून झाले. तोंडी परीक्षेला सरांनी कामाची नोंद उघडली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच नाव! जिचा संगणक, तिचे. बाकी तिघींनी काय केले, हे सांगायला नोंदीत काहीही नव्हते.

ज्या घरातील माणसे गिरणीत, गोदीत राबली आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. मस्टरवर नाव चढले नाही की कामावर आलेल्याचाही खाडा लागतो.

संगणकाच्या कामाचे मस्टर म्हणजे गिट. लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले आणि ते फुकट मिळते. कामाचा एक टप्पा पुरा झाला की मुले 'कमिट' करतात. कोणी, केव्हा, कोणत्या फाईलमध्ये काय बदलले, हे त्यात नोंदले जाते. परंतु गिट कोणाचा चेहरा ओळखत नाही. त्या संगणकात जे नाव आणि ई-मेल भरून ठेवलेले असेल, तेच ते नोंदीवर घालते. चौघींचे नेमके इथेच चुकले.

ही नोंद परीक्षेपूर्वी आपणच पाहायला हवी. त्यासाठी टिग नावाचे छोटे साधन आहे. गिट उलटे वाचा, टिग होते! तेही फुकटच. उबुंटू असलेल्या संगणकावर काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडून आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टिग' असे इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहावे. पासवर्ड लिहिताना पडद्यावर त्याची अक्षरे उमटत नाहीत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कॉलेजच्या संगणकावर ही परवानगी सहसा नसते. तिथे लॅबच्या सरांना सांगावे, नाहीतर गिटच्याच 'गिट लॉग' या आज्ञेवर काम भागवावे.

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन नुसते 'टिग' लिहिले की तारीख, नाव आणि कामाचे वर्णन ओळीने दिसते. एंटर दाबले की त्या कमिटमधला बदल उघडतो, एच दाबले की मदत, क्यू दाबले की मागे. माऊस लागत नाही, जुन्या मशीनवरही चालते. नको झाले तर इन्स्टॉलच्या जागी 'रिमूव्ह' लिहावे. टिग काढल्याने नोंद पुसली जात नाही. ती गिटजवळ असते.

आता नावाचे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'गिट कॉन्फिग युजर डॉट नेम' लिहून पुढे अवतरणचिन्हांत आपले नाव द्यावे. 'युजर डॉट ईमेल'चेही तसेच. मध्ये 'ग्लोबल' घातले नाही तर हा बदल त्या प्रोजेक्टपुरताच राहतो. एकाच मशीनवर पाळीपाळीने बसणाऱ्यांनी प्रत्येक पाळीला नाव बदलावे. दोघींनी मिळून काम केले असेल तर कमिटच्या मजकुराखाली 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ घालून दुसरीचे नाव व ई-मेल लिहावा.

'गिट शॉर्टलॉग' पुढे वजा-चिन्ह आणि एस, एन लिहिले तर कोणाचे किती कमिट हा आकडा येतो. पालकांनी मात्र त्यावरून मुलांना बोलू नये. स्वल्पविराम दुरुस्त करून दहा कमिट करता येतात आणि रात्रभर डोके खपवून एकच.

त्या चौघींनी आता संगणकाच्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे: बसण्याआधी नाव बदल.