बालकाच्या रक्तातील लोहाची मोजणी

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जैन नगरीत शिंद्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांच्या घरांतून एक जुनी रीत अद्याप पाहावयास मिळते. मूल किरकिरे झाले, माती खाऊ लागले, की आजी त्याची खालची पापणी ओढून पाहते. आतला रंग लाल दिसला की ती निश्चिंत होते. ही पारख अगदीच टाकाऊ नव्हे. परंतु पापणी फिकी पडेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

शरीरातील लोहाचा व्यवहार गृहस्थाच्या घरासारखा आहे. फेरिटिन नावाचे प्रथिन ही त्याची कणगी. लोह तेथे साठवले जाते. ट्रान्सफेरिन हा हमाल. तो लोह उचलून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचवतो. तेथे तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन तयार होते. ती जणू ताटात वाढलेली पोळी. कणगी तळाला गेली तरी काही काळ ताटात पोळी येतच राहते. म्हणूनच केवळ हिमोग्लोबिन तपासणारा ताट पाहतो. कणगीत डोकावत नाही. पूर्ण दिवसांचे मूल सुमारे सहा महिने पुरेल इतके लोह आईकडून घेऊन जन्मास येते. पुढे वाढ झपाट्याची, आणि दुधात लोह अगदी थोडे. मेंदूची घडण याच सुमारास चाललेली असते. तेव्हा पडलेली उणीव मागाहून लोह देऊनही पूर्णपणे भरून निघेलच, असे नाही.

कणगी मोजण्यासाठी दंडाच्या शिरेतून थोडेसे रक्त काढतात. ते गोठल्यावर यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करतात व त्यातील फेरिटिन मोजतात. पाच वर्षांखालील निरोगी मुलात ते लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी भरल्यास साठा संपत आला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवून दिले आहे. सीरममधील नुसते लोह मोजून मात्र भागत नाही. ते दिवसाच्या प्रहरांप्रमाणे आणि सकाळी घेतलेल्या औषधानेही बदलते.

परंतु फेरिटिनमध्येही एक गोम आहे. रोगजंतूंनाही लोह हवे असते. चोराची चाहूल लागताच गृहिणीने कणगीला कुलूप घालावे, तसे शरीर संसर्ग होताच लोह आत दडवून ठेवते आणि फेरिटिनचा आकडा फुगतो. उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाने स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या सहकार्याने या परिसरातील अतिसार व इतर संसर्गांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. असे आजार लहान मुलांना वारंवार होतात, आणि तापातल्या मुलाचा चांगला दिसणारा आकडा फसवा असू शकतो. यास्तव सोबत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन मोजतात. ते वाढलेले असले, तर फेरिटिनची मर्यादा १२ ऐवजी ३० धरतात. ट्रान्सफेरिनच्या ग्राहकप्रथिनाची तपासणीही उपयोगी पडते. पेशींची लोहाची भूक वाढली की ते वाढते आणि संसर्गाने तितके हलत नाही.

मोजण्याच्या रीतीने चित्र किती पालटते, हे मध्य प्रदेशाच्या आकड्यांवरून दिसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाच्या टोकावरील थेंब तपासून सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शेकडा सुमारे ७३ बालकांना रक्तक्षय असल्याचे नोंदले गेले. २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासले गेले. तेथे एक ते चार वर्षांच्या मुलांत हाच आकडा ५४ आला. वयोगट थोडे निराळे होते हे खरे. परंतु बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींतील द्रव मिसळतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. याच दुसऱ्या पाहणीनुसार देशातील या वयाच्या शेकडा ४१ मुलांना रक्तक्षय होता आणि शेकडा ३२ मुलांचा लोहसाठा कमी होता. या दोन संख्यांतील मुले सर्वस्वी तीच नव्हेत. कोणाचा रक्तक्षय जीवनसत्त्वांच्या अभावाने, कोणाचा थॅलॅसेमियासारख्या आनुवंशिक दोषाने, तर कोणाचा संसर्गाने झालेला असतो.

मग सर्वांनाच भरपूर लोह पाजले तर काय बिघडेल? झांझिबारमधील पेंबा बेटावर, जेथे हिवतापाचा जोर मोठा होता, तेथे लहान मुलांना सरसकट रोज लोह व फॉलिक आम्ल दिले गेले. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची व मृत्यूंची संख्या वाढल्याने २००३ साली तो प्रयोग थांबवावा लागला. मात्र ज्यांच्यात लोहाची खरी उणीव होती, त्या मुलांना लाभ झाल्याचे त्यातूनच दिसले.

यावरून कोणी घरातील औषधाची बाटली फेकून देऊ नये. ‘अनीमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांस आठवड्यातून दोनदा दिले जाणारे एक मिलिलिटर लोहाचे औषध ही लहानशी प्रतिबंधक मात्रा आहे. तीस तपासणीची वाट पाहावी लागत नाही. परंतु औषध नियमित घेऊनही मूल फिकेच राहिले, तर मात्रा मनाने वाढवू नये. ताप उतरल्यावर डॉक्टरांकडे जाऊन फेरिटिनची तपासणी करावी का, हे विचारावे. आजीने पापणी अवश्य पाहावी. पण कणगीत किती उरले आहे, ते पापणी सांगत नाही.