संगणकभाषेचे सामाईक कोठार

एखादी संगणकभाषा कितीही सुबोध असली, तरी केवळ तिच्या व्याकरणावर कोणाचेही काम भागत नाही. वर्गमूळ काढणे, आकड्यांची सरासरी घेणे, आलेख रेखाटणे या गोष्टी प्रत्येकाने मुळापासून लिहावयाच्या ठरविल्या, तर गावातील प्रत्येक घराने स्वतंत्र विहीर खणण्यासारखेच ते होईल. म्हणून एकदा लिहिलेल्या व नीट तपासलेल्या आज्ञावली सर्वांच्या उपयोगासाठी जतन करण्यात येतात. अशा संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात.

कपाटातील कागदी पट्ट्या

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम कार्यान्वित झाला. नेहमी लागणाऱ्या गणितांच्या आज्ञावली तेथे छिद्रित कागदी पट्ट्यांवर उतरवून कपाटात ठेवण्यात येत. ज्याला जी हवी, तिची नक्कल तो आपल्या पट्टीत समाविष्ट करी. विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाचे वर्णन आढळते.

पवई येथील प्रयत्न

संग्रह वाढविल्याने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फ्रान्समधील इन्रिया या राष्ट्रीय संशोधन संस्थेत घडलेली ‘सायलॅब’ ही गणिती प्रणाली विनामूल्य मिळते. या स्वरूपाच्या व्यापारी प्रणालींसाठी परवाना शुल्क भरावे लागते व ते लहान महाविद्यालयांना पेलतेच असे नाही. परंतु प्रणाली फुकट असली, तरी आवश्यक लायब्ररी नसतील तर तिचा उपयोग मर्यादितच राहतो. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने ही उणीव भरून काढण्याचे काम हाती घेतले आणि सायलॅबसाठी अनेक साधनसंच तयार केले.

त्यांपैकी एक संच सर्वांत किफायतशीर पर्याय शोधून देतो. समजा, तीन गोदामांतून वीस रास्त भाव दुकानांना धान्य पाठवावयाचे आहे. कोणत्या गोदामातून कोठे किती धान्य धाडल्यास वाहतूक खर्च कमीत कमी येईल, हा या गणिताचा विषय होय. अडीच ट्रक पाठविता येत नाहीत, म्हणून उत्तर पूर्णांकातच हवे, अशीही अट त्यास घालता येते. हे गणित सोडविणाऱ्या उत्तम आज्ञावली अन्य भाषांत पूर्वीच उपलब्ध होत्या. त्या नव्याने न लिहिता त्यांना सायलॅबशी जोडणारा दुवा तेवढा तयार करण्यात आला. संग्रह वाढविण्याचा हा सर्वांत काटकसरीचा मार्ग होय.

याच प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये उतरविण्याचे काम विद्यार्थ्यांकडून मानधन देऊन करून घेण्यात आले. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

देखभालीची जबाबदारी

सामाईक विहिरीचा गाळ काढणारा कोणीतरी लागतो, तसेच या संग्रहांचेही आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ या भांडारातून एका लेखकाने आपली जेमतेम अकरा ओळींची आज्ञावली काढून घेतली. मजकुराच्या डाव्या बाजूस मोकळी जागा भरणे एवढेच तिचे काम. मात्र असंख्य आज्ञावली तिच्यावर विसंबून असल्याने जगभर कामे अडली. काही तासांतच ती पूर्ववत करण्यात आली आणि पुढे भांडारातून मजकूर काढून घेण्यावर निर्बंध आले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कार्यालयासाठी एखादी प्रणाली स्वीकारताना ती कोणत्या लायब्ररींवर उभी आहे, त्यांची देखभाल कोण करतो आणि त्यांची प्रत आपणाजवळ आहे काय, हे विचारून घेणे अधिकाऱ्यांच्या हिताचे आहे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांस तयार आज्ञावली वापरावयास शिकवितानाच एखादी नीट तपासलेली, समजावून लिहिलेली आज्ञावली संग्रहात घालण्यास प्रवृत्त करावे. कोठारातून नेणाऱ्यांबरोबर त्यात भर घालणारेही वाढले, तरच ते सर्वांना पुरेल.