चार इंजिनांचा एक ट्रॅक्टर

काळ्या रानांत खोल नांगरट करावयाची झाली म्हणजे एका नांगराला सहा सहा, आठ आठ बैल जुंपावे लागत, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा शेतीशीं संबंध आला आहे त्यांस ठाऊक असेलच. बैल वाढविले कीं ओढ वाढते, हा हिशेब दिसावयास सोपा. परंतु सर्व बैल एकाच क्षणीं, एकाच दिशेनें व सारख्या जोरानें ओढतील अशी व्यवस्था करणें, हें खरें कसब. अमेरिकेंतील हौशी शेतकऱ्यांनीं हाच प्रश्न यंत्रांच्या बाबतींत कसा सोडविला, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

ट्रॅक्टर-पुलिंग म्हणजे ट्रॅक्टरांची ओढीची शर्यत. घोड्यांना जड ओझें ओढावयास लावून कोणाचें जनावर अधिक बळकट हें पाहण्याच्या जुन्या हौसेंतून ती निघाली. ट्रॅक्टरांच्या पहिल्या नोंदलेल्या शर्यती १९२९ सालीं मिसूरी व ओहायो या संस्थानांत झाल्या. वेगाला येथें गौण स्थान आहे. प्रत्येक ट्रॅक्टरनें पाळीपाळीनें एक घसरगाडी ओढावयाची. जो ती सर्वांत दूर नेईल तो जिंकला, आणि ३०० फूट नेली म्हणजे ओढ पूर्ण झाली. पूर्वीं मार्गाच्या कडेला माणसें उभीं असत व घसरगाडी जवळ येतांच एकेक जण तिजवर चढे. आतां हें काम यंत्र करतें. वजनांची मोठी पेटी आरंभीं घसरगाडीच्या मागील चाकांवर असते. गाडी चालूं लागली कीं ती पुढें पुढें सरकते आणि गाडीचा पुढील सपाट तळ जमिनीवर अधिकाधिक दाबला जातो. म्हणजे ट्रॅक्टर जितका पुढें जाईल, तितकें त्याचें ओझें वाढत जाणार. प्रपंचाचा अनुभव असणाऱ्यांस या योजनेचें मर्म वेगळें सांगावयास नकोच!

१९६९ सालीं आठ संस्थानांच्या प्रतिनिधींनीं राष्ट्रीय संघटना स्थापून सर्वत्र एकसारखे नियम लागू करण्याची व्यवस्था केली. रविवारीं शर्यत व सोमवारीं पुन्हां शेतकाम, असा ट्रॅक्टरांचा मूळचा क्रम होता. पण ईर्ष्या वाढली तशी शेतावरच्या इंजिनावर कोणी संतुष्ट राहीना. मोटारीचें आठ सिलिंडरांचें इंजिन आलें. एकानें भागेना तेव्हां दुसरें जोडावें असें वाटूं लागलें. परंतु दोन इंजिनांचें बळ एकाच आंसाला पोंचवावयाचें कसें? १९७० नंतरच्या दशकांत कार्ल व पॉल बॉसी या दोघांनीं दंतचक्रांची एक खास पेटी योजून ही अडचण दूर केली. अनेक इंजिनांचें बळ या पेटींत एकत्र येतें व तेथून एकाच मुख्य दांड्यानें मागील चाकांकडे जातें. जूं सांपडलें, मग बैलांना काय तोटा! तीन, चार, क्वचित् त्याहूनही अधिक इंजिनांचे ट्रॅक्टर मैदानांत उतरले. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांना लावीत तीं ॲलिसन कंपनीचीं बारा सिलिंडरांचीं, सुमारें २८ लिटर क्षमतेचीं इंजिनेंही आकाश सोडून मातींत आलीं. कांहींनीं तर हेलिकॉप्टरचीं टर्बाइनें बसविलीं.

इंजिनें वाढविलीं कीं विजय निश्चित, असें मात्र नाहीं. प्रत्येक वर्गांत ट्रॅक्टरच्या वजनाला मर्यादा असते. युरोपांत एका वर्गाची ती ३,५०० किलो आहे. तेव्हां प्रत्येक नवें इंजिन आपल्याबरोबर आपलें ओझेंही आणतें, आणि तें अन्यत्र कोठें तरी कमी करावें लागतें. शिवाय चारांपैकीं एक इंजिन मंदावलें तर उरलेल्या तिघांना घसरगाडीबरोबर त्याचाही भार वाहावा लागतो. शेवटची गोष्ट मातीची. चाकाची पकड जितकें बळ सोसूं शकेल तितकेंच कामास येतें. त्याहून अधिक दिलें तर चाकें जागच्या जागीं गरगरतात व खड्डा खणतात. म्हणून कुशल चालकाची परीक्षा बळ केव्हां आवरावें यांतच होते.

या खेळांत जिवाचाही प्रश्न आहे. ओढ लागतांच ट्रॅक्टरचें तोंड वर उचलतें. तो मागें उलटूं नये म्हणून पाठीमागें आधाराचे भक्कम दांडे असतात. ट्रॅक्टरच्या मागें एक कळ असते व ती घसरगाडीला बांधलेली असते. जोड तुटून ट्रॅक्टर सुटलाच, तर ती कळ ओढली जाऊन इंजिनें बंद पडतात.

धोका म्हणजे काय हें आर्ट आर्फन्सइतकें कोणास कळलें असेल? ओहायोंतील या कारागिरानें भंगारांतून घेतलेलें लढाऊ विमानाचें इंजिन दुरुस्त करून आपल्या गाडीला बसविलें आणि १९६५ सालीं ताशीं ५७६ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षीं ताशीं सुमारें ६०० मैलांच्या वेगांत त्याची गाडी उलटली, तरी तो वांचला. परंतु १९७१ सालीं डॅलस येथें त्याच्या गाडीच्या अपघातांत तीन माणसें दगावलीं. त्यानंतर तो टर्बाइनचे ट्रॅक्टर घेऊन या शर्यतींत उतरला. त्याची कन्याही या खेळांत नांवाजली. एके काळीं भूमीवर सर्वांत वेगानें धांवलेला मनुष्य ३०० फुटांच्या मातींत रमला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते.

एवढें इंधन जाळून ३०० फूट जाण्यांत काय मिळविलें, असें कोणी विचारील. पीक वाढलें नाहीं कीं माल वाहिला नाहीं, हें खरें. पण आपल्या घरच्या कर्मशाळेंत बापलेकांनीं मिळून खपावें, चार निरनिराळ्या यंत्रांना एकदिलानें चालावयास शिकवावें व त्याची कसोटी चारचौघांसमक्ष द्यावी, हा छंद आम्हांस तुच्छ वाटत नाहीं. आणि जिंकणाऱ्याला बक्षीस काय? ३०० फूट पार करणारे एकाहून अधिक निघाले, तर पेटींत आणखी वजनें घालून त्यांना पुन्हां ओढावयास लावतात!