मॉरिशसला निघण्यापूर्वी

श्रोतेहो, वाणगावकरांना सहल म्हटली की महाबळेश्वर आठवते. पण मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तासांत मॉरिशसच्या बेटावर पोचता येते. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. गणेशचतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते.

मग जावे केव्हा? बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून ऋतू उलटे. आपली नाताळची सुट्टी म्हणजे तिथला उन्हाळा आणि वादळांचे दिवस. गणपतीच्या सुमारास मात्र हवा थंड व बरीचशी कोरडी असते. तेव्हा जावे.

आणि सोबत काय नेऊ नये? वाणगावची मिरची, घोलवडचा चिकू न्यावासा वाटेल. पण परवान्याशिवाय बी, रोप, ताजे फळ नेऊ नका. का बरे? बेटावरचे जीव बाहेरच्या शत्रूंवाचून वाढलेले असतात. डोडो पक्षी पाहा. त्याला उडता येत नसे. १५९८ साली डच खलाशी तिथे उतरले. राने तुटली, शिकार झाली. जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरे, माकडांनी त्याची अंडी फस्त केली. शंभर वर्षांच्या आत त्याचा वंश संपला. फळातून गेलेली एखादी कीडही असाच घात करील.

गुरुजनहो, बेटांचा भूगोल शिकवताना मुलांना ही हकीकत जरूर सांगा.