उतारा

‘हँगओव्हर’ला मराठीत रुळलेला शब्द नाही, त्यावरच्या उपायाला मात्र आहे : उतारा. सकाळी पुन्हा थोडी घ्यायची. सल्ला जुनाच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, 24व्या अध्यायात, मदात्ययावर विधिपूर्वक दिलेले मद्यच औषध म्हणून येते. सुश्रुत तर ‘पानाजीर्ण’ असा वेगळा विकार मानतो. न पचलेले पान! (शब्द मला फार आवडतो.)

प्रत्यक्षात, डोके सर्वांत जास्त ठणकते ते रक्तातले मद्य जवळजवळ संपल्यावर. मद्य व्हॅसोप्रेसिन दाबते, म्हणून लघवी वाढते, घसा कोरडा पडतो. पहाटेची झोपही मोडते. यकृत इथेनॉलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करते, मग अ‍ॅसिटेट. ब्रँडीसारख्या दारूत किंचित मेथॅनॉलही असते. यकृत आधी इथेनॉल हातावेगळे करते. मेथॅनॉलची पाळी नंतर, आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड निघते. सकाळचा घोट ही पाळी पुन्हा लांबवतो. म्हणजे उताऱ्याने बरे वाटते ते निव्वळ मनाचे खेळ नसावेत; पण त्यात उतरत काहीच नाही, देणे पुढे सरकते. रोज सरकवणाऱ्याला आपण उतारा घेतो की दारू पितो, हे सांगता येईनासे होते.

मी उतारा बंद केला. रविवारची सकाळ पुरती भोगावी लागू लागली, तेव्हा शनिवारचा तिसरा पेला महाग वाटू लागला. दुसऱ्याबद्दल अजून घासाघीस चालू आहे.