दुभत्या जनावरांमधील ऑक्सिटोसिनचा वापर

ऑक्सिटोसिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाणारे संप्रेरक आहे. वासरू कासेला लागले की ते रक्तावाटे कासेत पोहोचते, दूध साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध सडात उतरते. यालाच जनावराने पान्हा सोडणे म्हणतात. पारडू दगावले किंवा विकले गेले असल्यास म्हैस पान्हा चोरते. अशा वेळी धार काढण्यापूर्वी ऑक्सिटोसिन टोचण्याची प्रथा भारतातील अनेक गोठ्यांत व तबेल्यांत पडली.

या औषधाला पुष्कळदा वाढीचे संप्रेरक म्हटले जाते, ते बरोबर नाही. अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळालेले कृत्रिम गोवंशीय सोमॅटोट्रोपिन दुधाची निर्मितीच वाढवते. ऑक्सिटोसिन मुख्यतः तयार असलेले दूध उतरवते.

आरोग्यविषयक शंका

इंजेक्शन दिलेल्या जनावराचे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. ऑक्सिटोसिन ही अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी असून आतड्यातील पाचकरसांमुळे तिचे विघटन होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंजेक्शनमुळे दुधातील ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

जनावराचे हाल मात्र खरे आहेत. रोजच्या इंजेक्शनाची सवय जडून नैसर्गिक पान्हा मंदावतो. शिवाय बिनलेबलाच्या बाटल्यांतून चोरून विकल्या जाणाऱ्या द्रावणात नेमके काय आहे, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे.

२०१८ ची बंदी

हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी खासगी कंपन्यांना देशांतर्गत विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई केली. उत्पादनाचा अधिकार कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे राहणार होता. परंतु बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवणारे हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. गोठ्यातील गैरवापराची किंमत बाळंतिणींनी का मोजावी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही अधिसूचना मनमानी ठरवून रद्द केली. केंद्राच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये हे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले.